धुऱ्यावरचा डबा

बोडीवरच्या मोटारीची केबल दुसऱ्यांदा गेली
तेव्हा पुतण्यानं मोबाइलवर कॅमेरे शोधले.
लालवाला स्वस्त होता.
प्रणय म्हणे, काका, अंधारात लाल ठिपका दिसते चोराले.
बिनउजेडाचा घ्या. फोटो धूसर येईल,
पण कोणाले समजणार नाही.
मी एक असा घेतला, एक तसा.
पेन्शनीतून तेवढंच निघालं.

तीस वर्षं लाइनमन होतो.
झाडाला पट्टा कसा आवळायचा
हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती.
तरी पहिला आठवडा पाण्यात गेला.
तोंड उगवतीला केलेलं,
सकाळचे सगळे फोटो पांढरेफटक.
पुढ्यात तरोट्याचं झुडूप.
वारा आला की खटक.
चारशे अकरा फोटो, चारशे अकरा वेळा
तीच एक फांदी, चोरासारखी वाकलेली.

मग विळा घेतला. झुडूप कापलं.
तोंड उत्तरेला फिरवलं.
जनावरासाठी गुडघ्याइतकी उंची पुरते;
माणसासाठी डोक्याच्या वर, खाली झुकवून,
कारण पाऊलवाटेनं जाणारा माणूस वर पाहत नाही.
आणि वाटेला आडवा धरायचा नाही, तिरपा धरायचा,
नाहीतर तो निघून जातो
आणि आपल्या वाट्याला येते टाच.

बिनउजेडाचा बांधला मोटारीजवळच्या ऐनाला.
लालवाला धुऱ्यावरच्या मोहाला.

चैतात कार्ड काढलं.
रानडुकरं. एक सायाळ, सगळे काटे उभे.
भेंडारकरचा गोऱ्हा, तीन रात्री, माझ्या लाखोरीत.
मग पहाटे चार बारा:
वाघ.
पुढचा पाय उचललेला, घाई नाही,
सातबाऱ्यावर त्याचंच नाव असल्यासारखा.
आणि त्याच वाटेवर, त्याच दगडाजवळ
चार पन्नास:
जैवंताबाई कुसराम, काखेत टोपली.

अडतीस मिनिटं.
मी बोटांवर पुन्हा मोजली.

मोह माझ्या धुऱ्यावर आहे.
खाली पडलेली फुलं कोणाच्या धुऱ्यावर
हे तलाठ्याला मी कधी विचारलं नाही,
माझ्या बापानंही विचारलं नव्हतं.

तिच्या अंगणात गेलो. फुलं वाळत होती,
अख्ख्या गल्लीला गोड वास.
सांगितलं, बाई, वाघ येते तिथं.
तर मला कसं माहीत, तेही सांगावं लागलं.
ती फुलं पसरवत राहिली.
"येते तो. दोन दिस सोडून येते.
मी खाकरतच जातो.
तुया त्या लाल डोयाले पायलं तवा भेव वाटलं,
म्हटलं दुसरा बसला झाडावर.
मंग समजलं,
बापू हाय."

मला बसायला तिनं पोतं टाकलं होतं.
मी उभाच राहिलो.

वैशाखात केबल तिसऱ्यांदा गेली.
धूसर कॅमेऱ्यानं आपलं काम केलं:
एक टाच, चपलेचा पट्टा, वायरीचं वेटोळं.
रात्रीचा फोटो, रंग नसतो त्यात,
पण मला पट्टा निळाच वाटतो.
पंधरा दिवस झाले, चौकात, रेशनच्या रांगेत
मी लोकांच्या पायांकडे बघतो.
प्रणय म्हणतो, पट्टा ढिला होता, काका,
डबा फिरला. तिरपा राहिला नाही.
लाइनमनच्या हातचा पट्टा.

लालवाला मात्र काढला नाही.
परवा कार्ड पाहिलं.
चार एक्केचाळीस: एक म्हातारा,
हातात विझलेली टॉर्च,
मान वर, थेट ठिपक्याकडे,
तोंड उघडं. खाकरताना.
नऊ मिनिटांनी टोपली.